फराळाचे पार्सल बंद करा

दसरा आटोपला की पुण्या-मुंबईच्या आणि नागपूर-नाशिकच्या बाजारपेठांतून कापडी फलक झळकू लागतात : 'परदेशी फराळ पाठविण्याची उत्तम सोय.' कुरिअरवाल्यांच्या दुकानांत पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या राशी लागतात. चकली, चिवडा, शंकरपाळे, अनारसे आणि बेसनाचे लाडू प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंदिस्त होऊन न्यू जर्सी, लंडन, मेलबर्न, दुबई अशा ठिकाणी प्रस्थान ठेवतात. वर्तमानपत्रांतून दरसाल याची बातमी येते आणि मायेचा ओलावा सातासमुद्रापार पोहोचल्याचे तीत हमखास लिहिलेले असते. मायेविषयी माझी काही तक्रार नाही. ओलावा मात्र चकलीला मानवत नाही, एवढे कोणतीही गृहिणी सांगेल.

हे पार्सल बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐन दिवाळीत, हातात लाडू घेऊन अंक चाळणाऱ्या वाचकांपुढे असे काही बोलणे अभद्र वाटेल, हे मला कळते. ज्यांची मुले दूरदेशी आहेत त्यांना तर ते दुष्टपणाचेही वाटेल. तरीही त्यांनी माझे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, आणि मग हवी तेवढी नावे ठेवावीत.

पहिल्याने एक गोष्ट सांगून टाकते. परदेशात राहून घरच्या जेवणासाठी जीव टाकणाऱ्यांची थट्टा करण्याची एक जुनी चाल आपल्याकडे आहे. 'एवढे वरणभातावाचून करमत नव्हते, तर गेलात कशाला?' असा प्रश्न विचारणारा एखादा काका प्रत्येक कुटुंबात असतो. त्या काकांच्या पंक्तीला मला बसायचे नाही. असे काका बहुधा गांधीजींचा दाखला देतात. गांधीजी १८८८ साली विलायतेस गेले. पुढे त्यांनी घरून आलेली मिठाई आणि मसाले खाणे सोडले, आणि पूर्वी बेचव वाटलेली मसाल्यावाचूनची उकडलेली पालेभाजी त्यांना रुचू लागली. चवीचे खरे ठिकाण जीभ नसून मन आहे, असा निष्कर्ष त्यांनी आत्मकथेत काढला आहे. निष्कर्ष मला मान्य आहे. परंतु काका त्याच आत्मकथेतले आधीचे पान वाचीत नाहीत. आईला दिलेल्या वचनामुळे मांसाहार वर्ज्य, आणि घरमालकिणीच्या पानावर मिळेल त्यात पोट भरेना, अशा स्थितीत हा तरुण लंडनभर मैलोगणती हिंडत होता. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी उपाहारगृह सापडले, आणि इंग्लंडात पाऊल टाकल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण तेथे मिळाले. ज्याने पुढे जीभ जिंकली, त्यालाही आधी पोट भरावे लागले. आणि चव जर मनात राहत असेल, तर तिला चोचले म्हणून हिणविता येणार नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी अमेरिकेत गेल्या, ते आपला आहार आणि आपला वेष सोडणार नाही असे श्रीरामपूरच्या सभेत जाहीरपणे सांगूनच. त्यांनी तो शब्द पाळला. त्या काही जिभेच्या लाडासाठी सातासमुद्रापलीकडे भांडत नव्हत्या.

तेव्हा भूक खरी आहे. माझे भांडण आहे ते ती भागविण्याच्या आपल्या रीतीशी. दूर गेलेल्या माणसाला घरचे खावेसे वाटले, तर घरी राहिलेल्या कोणीतरी ते करून त्याच्या दारात पोहोचवावे, अशी ही रीत आहे. हा 'कोणीतरी' म्हणजे दहात नऊ वेळा एक बाई असते, आणि ती साठी उलटलेली असते.

चकलीचेच पाहा. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, धणे, जिरे हे सारे धुऊन, वाळवून, वेगवेगळे भाजावयाचे. कारण प्रत्येकाची आच निराळी. मग ते गिरणीतून दळून आणावयाचे, आणि आधीचे दळण कशाचे होते याची गिरणीवाल्याकडे चौकशी करावयाची. कडकडीत मोहन घालून उकड काढावयाची, ती मळावयाची, आणि सोऱ्या दाबून दाबून मनगट भरून आले की मग कढईपुढे उभे राहावयाचे. अनारशांची गोष्ट याहून लांब. तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवायचे, कुटून चाळायचे, गूळ घालून मळायचे आणि पीठ मुरू द्यायचे. एवढे करून पहिला अनारसा तुपात पडताच हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर नशिबाला बोल लावायचा. पूर्वी हे काम वाड्यातल्या चार बायका मिळून करीत. आता सदनिकेत एकटी बाई करते. गुडघ्याला पट्टा बांधून करते. आणि तिकडून दूरध्वनीवर आवाज येतो, 'आई, यंदा चकली थोडी मऊ पडली होती गं!'

मऊ पडणारच. ती दोन विमाने आणि तीन गोदामे पाहून आलेली असते. लाडवांचा चुरा झालेला असतो, करंजीचे सारण बाहेर आलेले असते, आणि विमानाचे भाडे आतल्या मालाच्या किमतीहून जड झालेले असते. शिवाय सरहद्दीवरचे नियम आहेतच. खासगी पार्सलातून दुधाचे पदार्थ आणण्यास युरोपीय संघात बंदी आहे. तेव्हा पेढे-बर्फी तिकडे जावयाची नाही. अनारशावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत नेणे हा गुन्हा आहे. ताजा कढीलिंब अमेरिकेत नेता येत नाही, कारण लिंबा-संत्र्याच्या बागांना रोग लावणारी एक कीड त्यावर राहते. आणि २०२५ साली तर मोठीच गंमत झाली. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातीची माफी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून काढून घेतली. आपल्या डाकखात्याने २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबविले, आणि ती सुरू झाली १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी अगदी तोंडावर आल्यावर. मधल्या काळात घराघरांतून जी हळहळ उठली ती मी ऐकली आहे. 'आता पोरांची दिवाळी कशी होणार?' वॉशिंग्टनमध्ये कोणी एक कागद सही केला आणि आमच्या पोरांची दिवाळी अडली! पोरे म्हणजे चाळीस-चाळीस वर्षांची, दोन मोटारी बाळगणारी. त्यांच्या घरात पीठ होते, तेल होते, शेगडी होती. नव्हते ते फक्त हात.

'आता परदेशात सगळे मिळते' असे यावर कोणी सांगेल. मिळते, हे खरे आहे. शिकागोच्या डिव्हॉन अव्हेन्यूवर १९७४ साली पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान निघाले. आज त्यांची दुकाने अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आहेत. गोठविलेल्या पोळ्या मिळतात, तयार फोडणीची पाकिटे मिळतात, नुसते पाणी घातले की उपमा होतो. उपाहारगृहांची तर गोष्टच सोडा. शेख दीन महंमद या पाटण्याच्या गृहस्थाने १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी उपाहारगृह काढले, तेव्हापासून ही परंपरा आहे; आणि २००१ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी 'चिकन टिक्का मसाला' हा खराखुरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे भाषणात सांगितले. त्याचे त्यांना अभिनंदन. पण ज्याला आळूचे फदफदे, भरली वांगी, मेथीची गोळाभाजी, सोलकढी नाही तर नुसते गोडे वरण आठवते, त्याची भूक त्या नारिंगी रश्श्याने भागत नाही. त्याला उपाहारगृहाची आठवण येत नसून एका विशिष्ट स्वयंपाकघराची येत असते, आणि प्रत्येक घराचे वरण निराळे असते. ते विकत मिळावयाचे नाही. मग तो पुन्हा आईकडे वळतो.

मी १९७३ ते १९९१ अशी अठरा वर्षे शिकागोच्या एका उपनगरात काढली. तेव्हा फराळाचे पार्सल हा प्रकार आमच्या ऐकिवातही नव्हता. विमानाचे भाडे परवडत नसे, आणि आगबोटीने पाठविलेला चिवडा पोहोचेपर्यंत होळी येई. आमच्या दिवाळ्या त्यामुळे सुन्या गेल्या असे कोणास वाटत असेल, तर त्याने पुढील हकीकत वाचावी.

पोहे मिळत नसत, तर न्याहारीला दुधात घालून खावयाचे 'राइस क्रिस्पीज' नावाचे कुरमुरे मिळत. त्यांना हिरवी मिरची, हिंग, हळद आणि शेंगदाण्यांची फोडणी दिली की चिवडा होई. रव्याच्या जागी 'क्रीम ऑफ व्हीट'. तो भाजून त्याचे लाडू वळीत, आणि सत्यनारायणाचा प्रसादही त्याचाच होई. सत्यनारायणाने कधी हरकत घेतल्याचे स्मरत नाही. 'बिस्क्विक' नावाच्या केकच्या पिठात दुधाची भुकटी मिसळून गुलाबजाम. 'सावर क्रीम' फडक्यात बांधून त्यात साखर, केशर, वेलदोडा घालून श्रीखंड. 'रिकोटा' चीज मंद आचेवर तासभर परतून खवा. बिनमिठाचे लोणी कढवून तूप, आणि ते मात्र अस्सल, कारण लोणी सगळीकडे लोणीच असते. हरभऱ्याची डाळ संपली तर पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण. विजेच्या शेगडीवर जाळ नसे, म्हणून तिच्यावर तारेची जाळी ठेवून वांगे भाजायचे. फोडणीत मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा भोंगा कर्कश ओरडू लागे, आणि घरातल्या एकाने खुर्चीवर चढून त्याला वर्तमानपत्राने वारा घालीत उभे राहावे, असा शिरस्ता होता.

याला कोणी नक्कल म्हणेल. मी म्हणत नाही. चिवडा म्हणजे कोरडे, हलके, खुसखुशीत धान्य आणि त्याला लागलेली फोडणी, हे ज्या बाईला कळले होते तिला पोहे नसल्याने अडत नव्हते. श्रीखंड म्हणजे पाणी गेलेले आंबट दही, हे जिला ठाऊक होते तिने 'सावर क्रीम'चा डबा उघडून चाटून पाहिला आणि मान डोलावली. जिने फक्त श्रीखंड खाल्लेले होते, तिला तो डबा पाहून काहीच सुचले नसते.

आणि हे फक्त बायकांनाच सुचत होते असेही नाही. त्या काळी शिकावयास आलेली चार-चार मुले एका खोलीत राहत आणि पाळीपाळीने स्वयंपाक करीत. घरी पाण्याचा पेला हाताने न घेतलेली ही मुले. त्यांचे सारे शिक्षण निळ्या एरोग्रामवर चाले. 'कुकरला शिट्टी झाली की आच कमी कर. डाळीत हळद आणि थेंबभर तेल घाल, म्हणजे उतू जात नाही. हिंग तेलात, वरणात नव्हे.' कडेकडेने, दुमडपट्टीवरसुद्धा, आईने अशा सूचना लिहिलेल्या असत. ते पत्र पोहोचायला दोन आठवडे लागत. तोवर पोरगा करपवीत-करपवीत अर्धे शिकलेला असे. पुढे १९७० साली निघालेली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' कोणाच्या ना कोणाच्या सामानातून आली. तिच्यात मापे वाटी-चमच्याची असल्याने ती प्रयोगशाळेत वाढलेल्या मुलांना फार मानवली. त्यातल्या कित्येकांच्या घरी आजही पुरणपोळी पुरुष करतात. खोके जाऊ शकत नव्हते, म्हणून त्या काळी विद्या गेली. आज समोरासमोर चेहरा पाहून तासन्‌तास फुकट बोलता येते, कढई दाखविता येते, पिठाचा गोळा कॅमेऱ्यापुढे धरता येतो. आणि आपण पाठवितो काय, तर खोके!

'पण मूळ चव ती मूळ चव. तुमच्या त्या अमेरिकन कुरमुऱ्यांना आमच्या पोह्यांची सर नाही,' हा शुद्धतेचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. अशा वाचकाला मी एकादशीच्या फराळाचे ताट पुढे ओढून घेण्याची विनंती करते. आपले सर्वांत पवित्र, सर्वांत सोवळे अन्न तेच ना? साबुदाण्याची खिचडी घ्या. आज आपण खातो तो साबुदाणा कसावा नावाच्या कंदाचा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिथल्याच अँडीज पर्वतातला, आणि त्याचे नाव पोर्तुगीज. मिरची मेक्सिकोकडची. शेजारी उकडलेले रताळे ठेवलेत, तेही अमेरिकेचे. आणि राजगिऱ्याचा लाडू, त्याचे धान्यही मूळ तिकडचेच. कोलंबस १४९२ साली वाट चुकला नसता आणि पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले नसते, तर आपल्या एकादशीला वऱ्याचे तांदूळ आणि तूप-जिरे एवढ्यावरच भागवावे लागले असते. न्यू जर्सीत बसून साबुदाण्याच्या खिचडीसाठी व्याकूळ होणारा माणूस खरे म्हणजे त्याच खंडाचे पीक मागत असतो! आपल्या ज्या हिंगावाचून वरणाला वरण म्हणवत नाही, तो हिंग शतकानुशतके इराण-अफगाणिस्तानातून येत राहिला. भारतात त्याची लागवड करण्याचा पद्धतशीर प्रयत्न लाहौलच्या खोऱ्यात २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला.

याचा अर्थ आपले जेवण आपले नाही, असा मुळीच नाही. ते पुरते आपले आहे. मिऱ्याच्या जागी मिरची घालून पाहणारी, परक्या शेंगेचे कूट करून खिचडीला लावणारी, अनोळखी कंद उपासाला चालतो असे ठरविणारी कोणीतरी बाई कोकणात नाहीतर देशावर होऊन गेली, म्हणून ते आपले झाले. तिच्यापुढे नवे साहित्य होते आणि जुना हात होता. 'राइस क्रिस्पीज'ला फोडणी देणारी तिचीच वंशज. डबा उघडून नुसते खाणारा मात्र तिचा केवळ गिऱ्हाईक आहे.

आता आपण मुलांना काय शिकवून पाठवितो ते पाहू. परीक्षांचे वर्ग झाले, मुलाखतीच्या तालमी झाल्या, बँकेचे कर्ज झाले. बॅगेत कुकर जातो, मसाल्याचा डबा जातो, मेतकूट, लोणचे, थालीपिठाची भाजणी जाते. वजनकाट्यावर बॅग चढवून दोन किलो उतरवतात, पुन्हा चढवतात. ज्याच्यासाठी हे चालले आहे त्याला मात्र कुकरात पाणी किती घालावे हे ठाऊक नसते. पूर्वी मुलगा अडाणी असे आणि मुलगी तरबेज असे. हा अन्याय दूर करावा म्हणून आपण मुलालाही शिकवायला हवे होते. तसे न करता आपण मुलीलाही शिकविणे सोडले. समता आली खरी, पण अज्ञानाच्या बाजूने आली, आणि दोघांच्या वाटचा स्वयंपाक पुन्हा त्याच साठी उलटलेल्या बाईकडे गेला.

म्हणून सुनेच्या नाहीतर मुलीच्या बाळंतपणाला ती सहा महिन्यांच्या परवान्यावर तिकडे जाते. डिंकाचे लाडू करते, अळिवाची खीर करते. परतीच्या आठवड्यात पुरण, सारण, पराठे, आमटीचे वाटण यांच्या पुड्या बांधून त्यांवर चिठ्ठ्या चिकटविते आणि शीतपेटी गळ्यापर्यंत भरून निघते. दोन महिन्यांनी पेटी रिकामी होते. जी गोष्ट सहा महिन्यांत सहज शिकवून येता आली असती, ती ती गोठवून ठेवून येते. तिला दोष देण्याचा माझा हेतू नाही. तिने शिकवू म्हटले तर 'राहू दे गं, तू आहेस ना' असे उत्तर मिळते, हे मी पाहिले आहे. माझा प्रश्न त्या उत्तरालाच आहे. तू नसशील तेव्हा काय? ती बाई गेली म्हणजे तिच्या हातचे पाणीही गेले, असे आपण तेराव्याच्या दिवशी रडत म्हणतो. ते पाणी उतरून घ्यायला आपल्यापाशी तीस-चाळीस वर्षे होती.

काही आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला, वेळ नाही हा. शंकरपाळ्यांना दोन तास लागतात, चिवड्याला एक. सगळा फराळ करा असे मी म्हणत नाही. एक पदार्थ करा. अनारसे खुशाल विकत आणा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. फराळ करून विकणाऱ्या हजारो बायका आपल्याकडे आहेत. पार्सले बंद झाली तर त्यांच्या पोटावर पाय येईल. आक्षेप खरा आहे, आणि त्या बायकांविषयी मला आदर आहे, कारण त्या निदान आपल्या श्रमाचे पैसे घेतात. पण त्यांच्याकडून घ्यायला परदेशातच कशाला राहायला हवे? इथे राहणाऱ्यांनी त्यांच्याकडून दिवाळीतच काय, वर्षभर घ्यावे, आणि भाव न पाडता घ्यावे. माझा रोख आहे तो घरातल्या बिनपगारी कारखान्यावर.

तिसरा आक्षेप वासाचा. परदेशात शेजारी फोडणीच्या वासाला नाक मुरडतात, मग घरी करावे कसे? हा त्रास काल्पनिक नाही. इंग्लंडातल्या एका बड्या घरमालकाने 'करी'च्या वासाचे निमित्त करून आपली घरे भारतीय-पाकिस्तानी लोकांना देण्याचे बंद केले होते. २०१७ साली तेथील न्यायालयाने ते बेकायदा ठरविले. कोलोराडो विद्यापीठात २०२३ साली एका भारतीय संशोधक विद्यार्थ्याने विभागातल्या मायक्रोवेव्हमध्ये पालक-पनीर गरम केले, त्याच्या वासावरून तक्रार झाली, प्रकरण वाढत जाऊन न्यायालयात गेले, आणि २०२५ साली विद्यापीठाने दोष कबूल न करता दोन लाख डॉलर देऊन ते मिटविले. या बातमीने आपल्याकडे अनेकांची छाती फुगली. फुगू द्या. पण ज्या गृहनिर्माण संस्थेच्या दिवाणखान्यात ती बातमी वाचली गेली, तिथे सुके बोंबील भाजणाऱ्या भाडेकरूला घर मिळते काय, हेही त्याच बैठकीत विचारावे. दिल्लीत २००७ साली पोलिसांनी ईशान्येकडून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली, तीत बांबूचे कोंब आणि आखुनी यांसारखे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना उपद्रव न होईल अशा बेताने शिजविण्याचा उपदेश होता. नागालँडची ती मुलगी दिल्लीत परदेशीच होती, आणि तिलाही घरचे खावेसे वाटत होते. आपल्या फोडणीसाठी जगाकडे हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याच्या कढईचा वास सहन करण्याची सवय आपल्या जिन्यातच लावून घ्यावी.

चौथा आक्षेप प्रेमाचा, आणि खरा अडसर तोच आहे. 'आम्हाला पाठविण्यात आनंद वाटतो. तो का हिरावून घेता?' मी तो हिरावून घेत नाही. प्रेमाने भरविणे हे लहान मुलाच्या बाबतीत शोभते. मोठ्या झालेल्या मुलाला आपल्यावाचून उपाशी राहावे लागेल अशी व्यवस्था करून ठेवणे, आणि मग त्याला भरविण्यात धन्यता मानणे, याला प्रेमाबरोबर आणखीही एक नाव आहे. ते आई-बापांनी आपापल्या मनात उच्चारून पाहावे. मुलांनीही पाहावे, कारण आईच्या हातची चकली हवी असे म्हणणे फार सोपे आहे, आणि त्या हाताला संधिवात झाला आहे हे लक्षात घेणे अवघड.

तेव्हा यंदा एक करून पाहा. पार्सलाच्या भाड्याचे पैसे बाजूला काढा. त्यात एक सोऱ्या येईल, आणि तो एकदाच पाठवावा लागेल. भाजणीचे माप चिठ्ठीवर लिहा : चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मुगाची. तुमच्या घरचे माप याहून निराळे असेल, तर तेच लिहा. माझे खोडून टाका. मग एखाद्या रविवारी इकडची संध्याकाळ आणि तिकडची सकाळ जुळवून समोरासमोर बसा. मुलगा असो, मुलगी असो, जावई असो, त्याला कढईपुढे उभे करा आणि तुम्ही खुर्चीत बसा. पहिला घाणा बिघडेल. चकली तेलात फुटली तर मोहन जास्त झाले, दगडासारखी कडक झाली तर कमी पडले, एवढे त्याला सांगा. रागावू नका, आणि 'राहू दे, मीच पाठवते' हे शब्द तोंडातून काढू नका. तिसऱ्या घाण्याला जमेल.

पुढल्या दिवाळीत कदाचित तिकडूनच तुमच्याकडे एखादा डबा येईल. चकल्या थोड्या वेड्यावाकड्या असतील, प्रवासात मऊही पडल्या असतील. पार्सलांविरुद्ध मी इतके लिहिले आहे हे तेवढ्यापुरते विसरून तो डबा अवश्य घ्या.